दीड ते अडीच

एका पेशंटजवळ दोन माणसं रोज एक तास नुसती बसून असतात, हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आलं त्या दिवसापासून माझी दुपारची झोप उडाली.

खरं तर ती उडायला इतका उशीर का झाला, हाच प्रश्न आहे. तो तास, म्हणजे दुपारी दीड ते अडीच, मी झोपेलाच दिलेला होता. बाबांच्या खोलीचं दार लोटायचं, माझ्या खोलीचं दार लावायचं, डोळ्यांवर रुमाल टाकायचा आणि अडीचला उठून विचारायचं, "सगळं ठीक?" आतून उत्तर यायचं, "ठीक." माझ्याच घरात माझ्या पाठीमागे काय चाललंय हे कळायला मला आठ महिने लागले. आणि मी म्हणे बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात काढलेला माणूस.

टाइम ऑफिस कशाचं, तर काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याचं. भट्टी विझवता येत नाही, त्यामुळे तीन पाळ्या. कोण आला, कोण गेला, कोणाच्या जागी कोण उभा राहिला आणि कोण उभा न राहता बसला, हे सगळं माझ्या टेबलावर यायचं. एकदा नुसत्या चहाच्या सुट्ट्या पुढेमागे करून मी एक्केचाळीस माणसांचं काम छत्तीस माणसांत बसवून दाखवलं होतं. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला आणि कारखान्याची एक बाटली भेट दिली. रिकामी. ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. उरलेल्या पाच माणसांचं पुढे काय झालं, हे कोणी मला विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

आता घरची परिस्थिती. बाबा सत्त्याऐंशीचे. गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून खिडकीजवळचा पलंग हीच त्यांची जागा. रात्री मी आणि बायको आलटून पालटून उठतो. बायको शाळेत मुख्याध्यापिका आहे, ती दहाला जाते ती पाचला येते. म्हणून दिवसासाठी एका सेवा संस्थेतून दोन बाया यायच्या. एक सकाळी साडेसात ते अडीच, दुसरी दुपारी दीड ते साडेआठ. तक्त्यात मी त्यांची नावं 'सकाळ' आणि 'दुपार' अशी घातली होती. बाबांनी ती उचलली आणि तीच पडली. "दुपार आली का रे?" असं ते साडेबारापासून विचारायला लागायचे. सकाळबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. दुपारबाई ठेंगण्या, आणि बोलायला लागल्या की संपायच्या नाहीत.

मधला तो एक तास संस्थेनं 'चार्ज देण्यासाठी' ठेवला होता. एक तास! आमच्या भट्टीचा चार्ज तीन मिनिटांत दिला-घेतला जायचा, आणि तिथे चुकलं तर इमारत पेटायची. इथे चुकून चुकून काय चुकणार होतं? संस्था दोघींचे तास लावायची. म्हणजे आम्ही एका माणसासाठी रोज चौदा तासांची माणसं घेत होतो आणि दिवस मात्र तेराच तासांचा होता. हे मी बायकोला कागदावर काढून दाखवलं.

"आधी बाबांना विचारा," ती वह्या तपासता तपासता म्हणाली.

"पाळ्या लावताना भट्टीला विचारत नाहीत," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. मग पुन्हा वह्यांत खाली पाहिलं. बायकोशी वाद घालताना मला सगळ्यात जास्त भीती या खाली बघण्याची वाटते.

निवृत्त होऊन मला तेव्हा अकरा महिने झाले होते. अकरा महिन्यांत मला एकदाही कोणी काही विचारलेलं नव्हतं. दूधवालाही बायको कधी येणार तेवढं विचारायचा. त्यामुळे घरातलं मनुष्यबळ योग्य रीतीने वापरणं, हे काम मला मिळाल्यावर मी किती जोमानं त्यात पडलो असेन, ते समजून घ्या.

पहिला आठवडा निरीक्षण. दर अर्ध्या तासाने बाबांच्या खोलीत डोकावायचं आणि टिपून ठेवायचं. फक्त दीड ते अडीच या वेळात निरीक्षण झालं नाही, कारण झोप उडाली तरी डोळ्यांवर रुमाल टाकून पडायची सवय ही सवय असते. पण त्याच आठवड्यात औषधांच्या ट्रेखाली मला एक फाटका कागद सापडला. बाबांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेला. तो असा होता:

"सोम. बाबा ५, सकाळ ३, दुपार २. बदाम. सकाळ एक हात कमी, बाबा एक जास्त. ओढणे.
मंगळ. सकाळ ५, दुपार ३, बाबा २. चौकट. दुपार दोन हात कमी, बाबा दोन जास्त. ओढणे."

ज्यानं आयुष्यात एकदा तरी हातात पत्ते धरलेत, त्यानं हे केव्हाच ओळखलं असेल. मी ओळखलं नाही. आमच्या घरात पत्ते कधी आलेच नाहीत, त्याचं कारण पुढे येईल. आणि टाइम ऑफिसच्या माणसाला कागदावर माणसांची नावं आणि पुढे आकडे दिसले, की त्याला तासच दिसतात. मला तिथे मनुष्यबळाचा तक्ता दिसला. सकाळी हात कमी पडताहेत, हे स्वच्छ लिहिलं होतं. 'ओढणे' म्हणजे पलंगावरून खाली घसरलेल्या पेशंटला वर ओढणे. पण 'बाबा ५' वाचून माझं रक्त तापलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या, खुबा मोडलेल्या माणसाला या बाया पाच पाच तास कामाला लावत होत्या!

बदामाचंही मला कोडं पडलं नाही. अशक्त माणसाला बदाम द्यावेत, हे पोरालाही कळतं. मी त्याच संध्याकाळी अर्धा किलो बदाम आणले आणि बाबांच्या हातावर चार ठेवले. बाबांच्या तोंडात एकही दात नाही. त्यांनी बदामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते उशीखाली ठेवून दिले. चौकटीसाठी मी सुतार बोलावला. त्यानं बाबांच्या खोलीची चौकट तीन ठिकाणी ठोकून पाहिली आणि तिला काही झालेलं नाही असं सांगितलं. "काही झालेलं नाही तर कागदावर आली कशी?" असं मी त्याला दरडावून विचारलं. तेव्हा घाबरून त्यानं वरच्या बाजूला दोन खिळे मारले. त्या दिवसापासून ते दार लागत नाही.

मग मी वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांचा सल्ला घेतला. ते निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणतात, आणि ते अजून कुठलाही कागद हातात आला की आधी उलटा करून पाहतात. माझा नवा तक्ता त्यांनी उलटा करून पाहिला, मग सुलटा.

"एकीनं दीडला जायचं, दुसरीनं दीडला यायचं," ते म्हणाले. "उत्तम. पण दारात भेटतील त्या."

"भेटल्या तर काय बिघडलं?"

"दोन कामाची माणसं रोज भेटली की काय होतं, ते तुम्ही मला विचारता?" पोस्टमास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या सॉर्टिंगला मी दोन खिडक्यांच्या मध्ये कपाट घातलं होतं. निरोप लेखी द्यायला लावा. पाकिटातून."

मला ते पटलं. एवढ्या अनुभवी माणसाचं पटलं नाही असं म्हणणं मला जड गेलं असतं. नवी व्यवस्था सोमवारपासून सुरू झाली. सकाळबाई दीडला पाच कमी असताना निघतील, जे काय सांगायचं ते पाकिटात लिहून ठेवतील. दुपारबाई दीडला पाच मिनिटं असताना खाली थांबतील आणि बरोबर दीडला वर येतील. सकाळबाईंचा एक तास कमी. सकाळी हात कमी पडताहेत म्हणून नऊ ते दहा मदतीला मी स्वतः.

दोघींनी तक्ता वाचला. सकाळबाईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. दुपारबाई म्हणाल्या, "तासाचं काही नाही हो, साहेब. पण बाबा..." आणि ज्या बाई कधी थांबत नसत, त्या तिथे थांबल्या.

"बाबांचं मी बघतो," मी म्हणालो.

बघितलं ते असं. नऊ ते दहाच्या माझ्या पाळीत मी बाबांची दाढी केली आणि हनुवटीला दोन ठिकाणी कापलं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायचा दांडा उलटा फिरवला, त्यामुळे पाय वर आले. चौथ्या दिवशी सकाळबाईंनी पाकिटात लिहिलं, 'पोटाचं औषध दिलं नाही दिलं.' त्यांना म्हणायचं होतं, आधी 'दिलं नाही' लिहिलं होतं, मग दिलं. दुपारबाईंनी शेवटचा शब्द सोडून वाचलं आणि पुन्हा दिलं. पुढचे दोन दिवस आमच्या घरात तक्ता असा राहिलाच नाही. होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी वाळत पडल्या, आणि बायकोच्या दोन साड्याही कामी आल्या. पोस्टमास्तरांनी खिडकीतून ती दोरी पाहिली आणि सांगून पाठवलं, की पाकिटावर 'तातडीचे' असा शिक्का मारून पाहा.

हे सगळं निस्तरता येण्यासारखं होतं. कारखान्यातही नव्या पाळ्या बसायला महिना जातो. पण बाबा गप्प झाले, ते मला निस्तरता येईना.

पहिल्या दिवशी दीडला त्यांनी दाराकडे पाहिलं. दुपारबाई आत आल्या, सकाळबाई जिन्यात पोचल्या होत्या.

"दोघी एकदम नाहीत?" बाबांनी मला विचारलं.

"नाही. आता तसं होणार नाही," मी म्हणालो, आणि थोड्या अभिमानानंच म्हणालो.

त्यांनी पांघरूण वर घेतलं आणि चेहऱ्यावर ओढलं. भर दुपारी.

ते पांघरूण माझ्या फार ओळखीचं होतं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, तीन पाळ्यांत. माझ्या लहानपणीचे बाबा म्हणजे एक झोपलेला माणूस, तोंडावरून पांघरूण घेतलेला. मी शाळेतून यायचो तेव्हा ते झोपलेले असायचे, मी झोपायचो तेव्हा ते डबा घेऊन निघालेले असायचे. आई ओठांवर बोट ठेवून दारातच उभी असायची. "हळू. बाबा झोपलेत." आमच्या घरात चेंडू आला नाही, शिट्टी आली नाही, पत्तेही आले नाहीत, कारण पिसताना आवाज होतो. मी इतका हळू चालायला शिकलो की कारखान्यात माणसं मला घाबरायची, मी मागे येऊन उभा राहिलेला त्यांना कळायचंच नाही.

आठवड्याभरात बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. चमचा तोंडाशी नेला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर आले, छाती तपासली, पोट तपासलं, म्हणाले, "काही नाही. वय." मी विचारलं, "वय तर महिन्यापूर्वीही होतं." डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले, "तेव्हा कमी होतं." रात्री बायकोनं मला विचारलं, "अजून तुमचा तक्ता चालूच आहे?" मी म्हणालो, चालू आहे आणि उत्तम चालू आहे. मग मला बराच वेळ झोप आली नाही. बाबा जगायचं सोडून देताहेत, हे मला दिसत होतं. का, तेवढं दिसत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं, त्यात तास जुन्याच हिशेबानं लावलेले. तास कमी केल्याचा अर्ज आलेला नाही, अर्ज समक्ष द्यावा, खिडकी तीन ते चार. म्हणून मी संस्थेत गेलो. बाकावर माझ्यापुढे सात माणसं होती आणि सगळी खाली मान घालून बसली होती. आजारी माणसांच्या घरची माणसं ओळखू येतात, बसल्या बसल्या झोपतात.

अर्जाला पाच रकाने होते. तास बदलण्यासाठी एकही नव्हता. त्यातल्या त्यात रुंद होता 'स्थिती' हा, म्हणून मी त्यात लिहिलं. आता कारखान्यात पाळी संपली की माणूस 'मुक्त' होतो. 'अमुक कामगार अमुक वाजता मुक्त' असं मी बत्तीस वर्षांत किती हजार वेळा लिहिलं असेल, कोण जाणे. तेच हाताला आलं. सकाळबाईंना डोळ्यांपुढे ठेवून मी लिहिलं, 'दुपारी दीड वाजता मुक्त. यापुढे दोघी लागणार नाहीत.' एकाच वेळी दोघी, असं मला म्हणायचं होतं.

खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"दीड वाजता?"

"दीड वाजता," मी म्हणालो. "मिनिट इकडे तिकडे नाही."

"वडिलांना फार त्रास झाला का?"

नव्या व्यवस्थेची इतकी आपुलकीनं चौकशी करणारं हे पहिलंच माणूस. मला भरून आलं. "सुरुवातीला झाला. दोन दिवस पोटाचं झालं. मग एकदम शांत झाले."

"सुटले," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या आपल्या बायांबद्दल बोलताहेत. म्हणालो, "आम्हीही सुटलो."

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "तुम्ही निदान स्पष्ट बोलता," त्या म्हणाल्या. "बाकीचे मनात ठेवतात." आणि त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला कोणी आलं नाही. आठला नाही, नऊला नाही. संस्थेचा फोन लागेना. बायकोनं शाळा अर्धा दिवस सोडायची तयारी दाखवली, पण मी तिला पाठवून दिलं. हे कारखान्यात रोजचं, माणूस नसताना पाळी ओढायची मला सवय आहे, असं सांगितलं. दुपारपर्यंत मी घामानं भिजलो होतो, बाबा पलंगाच्या निम्म्यावर घसरले होते आणि त्यांना वर ओढायला माझे हात कमी पडत होते.

बरोबर दीडला बेल वाजली. दारात दोघी. चांगल्या साड्या नेसलेल्या, डोळे सुजलेले. दुपारबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "काल साडेआठला मी निघाले तेव्हा तर होते हो." सकाळबाई म्हणाल्या, "आज सकाळी संस्थेतून कळलं, साहेब. शेवटी भेटसुद्धा नाही झाली हो."

"कोणाची?" मी विचारलं.

आतून आवाज आला. "कोण आलंय रे? दुपार का?"

दुपारबाई चपलांच्या कपाटावर मटकन बसल्या. सकाळबाईंनी चौकट धरली. सुतारानं हिला खिळे मारले नव्हते, तरी ती तरली.

"सकाळचाही आवाज येतोय," आतला आवाज म्हणाला. तीन आठवड्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "दोघी एकदम? मग दारात काय उभ्या? पत्ते काढा की!"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. नवा चोर पकडल्यावर कारखान्यात माणसं बघायची, तशाच. मग दुपारबाई डोळे पुसत आत गेल्या आणि त्यांनी बाबांच्या लंगोटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हात घालून पत्त्यांचा जोड बाहेर काढला. त्या खोक्यात आठ महिन्यांत मी कधी हात घातला नव्हता, हे तिघांनाही नीट माहीत होतं.

मग मी पाहिलं. दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून एका दमात वर घेतलं आणि बसवलं. मांडीवर जेवणाचा ट्रे. जी बोटं चमचा धरत नव्हती, त्या बोटांनी बाबांनी पत्ते वाटले. पाच, तीन, दोन. तिघांचा डाव. दहा दहा पत्ते, एकानं पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, तिसऱ्यानं दोन, आणि पुढच्या डावाला आकडे फिरतात. ज्याचे हात जास्त झाले, त्यानं पुढच्या डावात तेवढे पत्ते कमी पडलेल्याच्या हातातून न बघता ओढायचे. रोज तेवढा एक तास त्या खोलीत तीन माणसं असायची. तो तास मी कापला होता.

"हुकूम बदाम," बाबा म्हणाले, आणि उशीखालचे चार बदाम काढून माझ्याकडे न बघता ट्रेवर ठेवले. दुपारबाई हसता हसता पुन्हा रडायला लागल्या.

अडीचला सकाळबाई उठल्या. "मला निघायला पाहिजे, साहेब. तुमची फाइल बंद झाली म्हणून आजपासून मला दुसरा पेशंट दिलाय. मयताला जायचंय असं सांगून दोन तास मागून आलेय."

"उद्या?" बाबांनी विचारलं.

सकाळबाईंनी त्यांचं पांघरूण नीट केलं. बाबांना काय समजायचं ते समजलं.

मी तसाच संस्थेत गेलो. खिडकीतल्या बाईंना सांगितलं की माझे वडील जिवंत आहेत. त्या म्हणाल्या, पहिले काही दिवस असं वाटतं. मग मी ओरडलो. बाकावरची माणसं जागी झाली. बंद फाइल उघडायला हयातीचा दाखला लागतो, आणि रुग्णानं समक्ष येऊन सही करावी लागते. मी म्हणालो, ते उठू शकत नाहीत म्हणून तर तुमची माणसं लागतात. त्या म्हणाल्या, मग नवीन रुग्ण म्हणून नोंदवा. म्हणून बाबांची नवीन रुग्ण म्हणून नोंद झाली, आधीचे बाबा गेलेलेच राहिले. नवीन रुग्णाला एक बाई मिळते, दुसरीसाठी नंबर लावावा लागतो. दुपारबाईंना अजून कोणी नेलं नव्हतं, त्या परत मिळाल्या. सकाळबाई नाही. मनुष्यबळात निम्म्यानं कपात. कारखान्यात असतो तर दुसरी बाटली मिळाली असती.

रात्री मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही त्याचाही तक्ता केला असता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळबाईंच्या जागी उभा राहिलो. दीडला दुपारबाई आल्या. बाबा दाराकडे बघत होते आणि तोंड हळूहळू भिंतीकडे वळायला लागलं होतं. मी खुर्ची ओढली आणि ट्रेसमोर बसलो.

"तुला येतं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"एवढी वर्षं केलंस काय?"

"तुमची झोप मोडू दिली नाही," मी म्हणालो. मला रागानं म्हणायचं होतं, पण तसं म्हणता आलं नाही.

बाबा बराच वेळ पत्ते पिसत राहिले. त्या आवाजासाठी मी लहानपणी मार खाल्ला असता. "आपल्या पाळ्या कधी जुळल्याच नाहीत," ते म्हणाले. "चल, उचल पत्ते. आधी हुकूम कशाला म्हणतात ते ऐक."

मी अत्यंत वाईट खेळायचो. दुपारबाई माझ्या हातातले पत्ते बघून मोठ्यानं उसासा टाकायच्या आणि बाबांना सगळं कळायचं. बाबा खुणा करायचे, लबाडी करायचे, हातात नसलेल्या एक्क्याचा आव आणायचे. "तुझी पाळी," असं ते मला दिवसातून चाळीस वेळा म्हणायचे आणि मी दर वेळी दचकायचो. ते जेवायला लागले. निम्मंच, पण भिंतीकडे तोंड न करता. दोघी बाया रडत जिना चढताना पाहून पोस्टमास्तरांनी त्याच दिवशी दुखवट्याचं पत्र लिहून टाकलं होतं आणि तत्त्व म्हणून टपालानं पाठवलं होतं. ते आठव्या दिवशी आलं. बाबांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी पहाटे बाबा गेले, झोपेत, आवाज न करता. बायको शेजारी होती, मी चहा ठेवायला उठलो होतो. सकाळबाई आल्या, दुपारबाई आल्या. पोस्टमास्तर खाली आले, दारातच घुटमळले आणि हळूच म्हणाले, "माझं पत्र पोचलंच आहे." संस्थेत कळवायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी नाव शोधलं आणि म्हणाल्या, "हे आधीच गेलेत." मग त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि चष्मा काढला. या वेळी अर्जात 'स्थिती'समोर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

दुपारबाईंनी जाताना मला बाबांची वही दिली. औषधांच्या वहीची मागची पानं. तीन नावं, तीन आकडे, हुकूम, कोणाचे हात कमी, कोणाचे जास्त. आठ महिन्यांत एकही दुपार चुकलेली नाही, मी कापलेले तीन आठवडे सोडले तर. ती पानं बाबांनी कोरी ठेवली आहेत, प्रत्येकावर नुसती तारीख. इतकं नीट मस्टर मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही.

शेवटच्या दिवसाचं पान असं आहे: 'मुलगा ५, दुपार ३, बाबा २. इस्पिक. मुलगा दोन हात कमी, बाबा दोन जास्त. ओढणे बाकी.'

म्हणजे पुढच्या डावाला मी माझे पत्ते पालथे करून त्यांच्यापुढे धरायचे होते आणि त्यांनी त्यातले दोन ओढायचे होते. तो डाव त्याच दिवशी करायचा होता, पण अडीच वाजून गेले होते आणि मी, सवयीनं, घड्याळाकडे पाहिलं. बाबांनी ते पाहिलं आणि पत्ते गोळा केले.

"असू दे," ते म्हणाले. "उद्या ओढतो."